मालवण : बेटावरचा किल्ला आणि काठावरचं गाव

विदर्भातल्या राळेगावच्या बसस्थानकावरून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. इथे पाणी म्हणजे विहिरीचं, वर्धा नदीचं, नाहीतर बेंबळ्याच्या कालव्याचं. पण या काळ्या मातीतला कापूस दीडशे वर्षांहून अधिक काळ समुद्र ओलांडत आला आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि हिंगणघाट-वर्ध्याकडच्या गाठी मुंबई बंदरात पोहोचू लागल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हापासून विलायतेला जाणारा माल भूमध्य समुद्रातून जाऊ लागला. त्या वाटेवर माल्टा नावाचं छोटं बेट लागतं. तिथल्या बंदरात आगबोटी कोळसा भरून घेत आणि पुढे निघत.

त्या बंदराच्या काठी व्हॅलेटा हे शहर आहे. १५६५ च्या उन्हाळ्यात तुर्की आरमाराने माल्टाला सुमारे चार महिने वेढा घातला. बेट राखणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी तो परतवला आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय, या विचाराने पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, नव्या तटबंदीच्या शहराचा पाया घातला. पिवळसर चुनखडीचे बुरूज, खाली खोल निळं बंदर, उतरत्या गल्ल्या आणि गल्लीच्या टोकाला दिसणारा समुद्र हे सगळं पाहायला आज जगभरातून माणसं येतात. युनेस्कोने १९८० मध्येच या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

व्हॅलेटाचा पाया घातल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी, अरबी समुद्रातल्या एका खडकाळ बेटाबद्दल तसाच विचार एका मराठी राजाने केला. ते बेट म्हणजे कुरटे आणि त्याच्या समोरचं गाव म्हणजे मालवण. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, तामिळनाडूतला जिंजी यांच्यासोबत त्यात या बेटावरचा सिंधुदुर्गही आहे. तेव्हापासून मालवणची चौकशी विदर्भातूनही जास्त होऊ लागली आहे. मात्र इथे येणारे बरेच जण सकाळी होडीत बसतात, किल्ला पाहतात, दुपारी मासे खातात आणि संध्याकाळी गोव्याची वाट धरतात. एवढ्या घाईत मालवण अर्धंच पाहून होतं. किल्ला ज्याच्या जिवावर उभा राहिला आणि टिकला, ते बंदर आणि त्यातली माणसं तशीच राहून जातात.

सतराव्या शतकाच्या मध्यावर कोकणच्या किनाऱ्यावर ज्याची त्याची सत्ता होती. गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डचांची वखार, राजापुरात इंग्रज आणि उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी. जहाज कुणाचं, माल कुणाचा आणि परवाना कुणाचा, ते या सत्ता ठरवत. जमिनीवर कितीही गड घेतले तरी समुद्र दुसऱ्याच्या हाती असेल तर किनाऱ्यावरची रयत सुखाने राहू शकत नाही, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं होतं. मालवणसमोरचं कुरटे बेट त्यांना पसंत पडलं, कारण त्याच्या भोवती पाण्याखाली खडकांचं जाळं आहे. वाट ठाऊक असलेला तांडेल (होडीचा मुख्य खलाशी) होडी सहज आत आणतो. परक्या जहाजाच्या तळाला मात्र हेच खडक भोक पाडतात. म्हणजे तट बांधण्याआधीच निसर्गाने एक तट बांधून ठेवलेला होता.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा मुहूर्त झाला. तो ज्या ठिकाणी झाला तो खडक बेटावर नाही, मालवणच्या किनाऱ्यावर आहे. त्याला ‘मोरयाचा धोंडा’ म्हणतात. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र अशा आकृती कोरलेल्या आहेत आणि गावातले लोक आजही तिथे पूजा करतात. पर्यटकांच्या यादीत हा धोंडा क्वचितच असतो. खरं तर सिंधुदुर्गाची गोष्ट तिथूनच सुरू होते आणि किल्ल्याआधी तो पाहिला तर पुढचं सगळं नीट कळतं. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती. पुढे रायगडाची उभारणीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. सुमारे तीन वर्षांत, १६६७ मध्ये, अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाला वळसा घालणारा जवळपास तीन किलोमीटरचा तट पुरा झाला.

आज मालवणच्या जेटीवरून किल्ल्याला होड्या सुटतात. अंतर एक किलोमीटरच्या आतलं, पाच-दहा मिनिटांत तट समोर येतो. होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा कुठे दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांवर वळून आलेले आहेत आणि दरवाजा त्यांच्या आड लपलेला आहे. समुद्रातून तोफ डागणाऱ्याला नेम धरायला दरवाजाच सापडू नये, म्हणून ही रचना. आत शिरताना वाट वळते, त्यामुळे घुसणाऱ्या सैन्याला एका दमात पुढे धावता येत नाही आणि वरून मारा सोसावा लागतो. रायगडावरही हीच युक्ती वापरली आहे. इथे ती समुद्राच्या पातळीवर आणली.

तटावर चढून चालायला लागलं की तो सरळ का नाही, हेही कळतं. खडकाच्या कडेकडेने तो आत-बाहेर वळत जातो. त्यामुळे पायथ्याशी आलेली होडी कायम दोन-तीन बाजूंच्या माऱ्यात सापडते. जागोजागी जंग्या (मारा करायचे झरोके), वर चढायला जिने आणि तटाच्या पोटातच बांधलेले शौचकूप आहेत. शेकडो माणसं महिनोन्‌महिने राहणार, तर त्यांच्या रोजच्या गरजेची सोय आधी हवी, हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बांधकामात दिसतो. घरोघरी शौचालय ही अगदी अलीकडची चळवळ आहे हे आठवलं, तर त्या विचाराचं मोल लक्षात येतं.

किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधलं. शिवाजी महाराजांची देवाच्या रूपात नित्य पूजा होणारं इतकं जुनं ठिकाण दुसरं नाही. मूर्ती पाहून पहिल्यांदा येणारा माणूस थबकतो. चित्रांतून, नाटक-सिनेमांतून ओळखीची झालेली दाढी इथे नाही आणि डोक्यावरचं शिरस्त्राण कोळ्याच्या टोपीची आठवण करून देणारं आहे. दर्यावर्दी लोकांनी आपला राजा आपल्यासारखाच पाहिला, असं ती मूर्ती पाहताना वाटतं. महाद्वाराजवळ दोन घुमट्या आहेत. त्यांत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा असल्याची श्रद्धा आहे. तिथे चपला काढूनच जातात. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यातच राहतात. त्यांची घरं, अंगणातले माड आणि दारातली तुळस पाहिली की हा नुसता भग्न किल्ला नसून वस्ती आहे, हे ध्यानात येतं.

विदर्भातल्या माणसाला मात्र सगळ्यात जास्त नवल वाटतं ते विहिरींचं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावं. यामागे जादू नाही, निसर्गाचा सरळ नियम आहे. बेटावर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते खाली मिसळून न जाता वर तरंगत राहतं. विहीर बेताच्या खोलीची खणली आणि उपसा बेताचा ठेवला, तर ते वर्षभर मिळतं. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. राळेगाव-कळंबच्या शेतकऱ्याला भूजलाची ही शिस्त वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

व्हॅलेटातही प्रश्न हाच होता. त्या खडकावर झरा नव्हता. म्हणून शहर वसवताना प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं खोदण्याचा नियमच केला गेला आणि पुढे १६१५ मध्ये बेटाच्या आतल्या भागातून पाणी आणणारा कालवा पुरा झाला. जगातल्या कुठल्याही समुद्री किल्ल्याची ताकद मोजायची तर तोफा मोजण्याआधी पाण्याचा साठा पाहावा लागतो. तोफा बाहेरून आणता येतात. वेढ्यात सापडलेल्या माणसाला पाणी बाहेरून आणता येत नाही.

पाण्याच्या मागोमाग येतं ते अन्न, दारूगोळा आणि जहाजांची डागडुजी. हे सगळं बेटावर होणं शक्य नव्हतं. ते काठावरच्या गावातच होणार. म्हणून सिंधुदुर्ग एकटा उभा नाही, त्याच्या भोवती आणखी तीन छोटे किल्ले आहेत. पद्मगड शेजारच्या खडकावर. तिथे जहाजांची कामं होत असत, असं सांगतात. राजकोट मालवणच्याच किनाऱ्यावर. आणि सर्जेकोट उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी, जिथे पावसाळ्यात गलबतं सुरक्षित उभी राहत. चारही ठिकाणं एकत्र पाहिली तर कळतं की हा एक किल्ला नव्हता, हे आरमाराचं पूर्ण ठाणं होतं.

राजकोटचं नाव अलीकडे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला आणि राजकोटावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. ती बातमी ऐकून राज्यभर लोक हळहळले आणि संतापले. त्यानंतर त्याच जागी ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेला साठ फूट उंचीचा कांस्य पुतळा उभारण्यात आला. समुद्राच्या वाऱ्याचा आणि खारट हवेचा मारा कसा सोसायचा, याचं उत्तर समोरच पाण्यात उभ्या असलेल्या तटाने कधीच दिलेलं आहे.

पुढचा इतिहास चढ-उताराचा आहे. महाराणी ताराबाईंच्या काळानंतर सिंधुदुर्ग करवीर म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. मात्र किल्ला सांभाळणं परवडेना, तेव्हा पैसे घेऊन परत केला. १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. तोफांची गरज संपली, पण बंदर चालू राहिलं. नारळ, सुपारी, काथ्या, मीठ, सुकी मासळी असा माल शिडाच्या गलबतांतून मुंबईला आणि मलबारकडे जाई. जाड सुती कापडाची ती शिडं आणि सुताची, तागाची ती जाळी. नायलॉन येईपर्यंत समुद्रावरचं निम्मं जगणं कापसाच्या धाग्याला बांधलेलं होतं.

त्यानंतर आली आगबोटींची पाळी. मुंबई-गोवा आगबोट मालवणसमोर खोल पाण्यात उभी राहायची. प्रवासी होडीतून तिच्यापर्यंत जायचे आणि हेलकावणाऱ्या होडीतून शिडीवर पाय टाकायचे. गिरणीत कामाला जाणारे चाकरमानी, शिकायला जाणारी मुलं, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी, सगळ्यांची मुंबई याच जेटीवरून सुरू व्हायची. रस्ते सुधारले तशी आगबोट मागे पडली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर समुद्राकडे पाहत मुंबईला जाणारं मालवण पूर्वेकडे, रेल्वे स्थानकाकडे वळलं. मालवणला स्वतःचं स्थानक नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही जवळची तीन स्थानकं.

आज बंदराची खरी ओळख मासेमारी. पहाटे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर गेलं तर हंगामात रापण ओढताना पाहायला मिळते. होडी शेकडो मीटर लांबीचं जाळं अर्धगोलात समुद्रात सोडत जाते आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. टाचा वाळूत रुतवून, पाठ मागे झुकवून, एका तालात दोर ओढला जातो. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. जाळं जवळ आलं की पाणी उसळायला लागतं, वर पक्ष्यांचे थवे घिरट्या घालतात, बायका टोपल्या घेऊन पुढे होतात. बांगडा आणि तारली मोठ्या संख्येने सापडली तर वाळूवर चांदीचा ढीग पडतो. मिळकतीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येक माणसाचा. एका रापणीवर कितीतरी घरांची चूल पेटते, कारण हे काम एकट्यादुकट्याने होतच नाही.

याच कारणामुळे गेल्या काही दशकांत इथला संघर्ष पेटला. यांत्रिक बोटींवरून टाकलं जाणारं पर्ससीन जाळं माशांचा थवाच्या थवा एका फेरीत गुंडाळून नेतं. किनाऱ्यापर्यंत येणारा मासा वाटेतच संपला, तर रापणीच्या दोराला काय लागणार? मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, समुद्रात बोटी अडवल्या, सरकारदरबारी खेटे घातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर काळाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले. अंमलबजावणीची तक्रार अजून संपलेली नाही. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला मच्छीमार गाबीत समाजाच्या या लढ्यातली भाषा ओळखीची वाटेल. दोघांचंही पीक निसर्गाच्या हाती आणि भाव दुसऱ्याच्या.

बंदराचं वर्ष पंचांगावर चालतं. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला सुमारे दोन महिने बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. त्याच सुमाराला किल्ल्याची होडीवाहतूकही थांबते आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा सुरू होते. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला व्यापारी आणि मच्छीमार मिरवणुकीने बंदरावर येतात आणि समुद्राला नारळ अर्पण करतात. त्या दिवशी बंदरावर नारळ लढवण्याची झुंबड उडते. एकाने हातात घट्ट धरलेल्या नारळावर दुसऱ्याने आपला नारळ आपटायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला. दिवाळीच्या पाडव्याला देव रामेश्वर-नारायणाची पालखी गावातून फिरते. मसुरे गावातल्या आंगणेवाडीची भराडी देवी तर तालुक्याचंच नव्हे, मुंबईतल्या लाखो कोकणवासीयांचं दैवत. तिच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख ठरते आणि ती जाहीर झाली की मुंबईत रेल्वेच्या तिकिटांसाठी धावाधाव सुरू होते.

जत्रांच्या दिवसांत रात्री दशावतार रंगतो. एक साधा बाक, मागे पडदा, पेटी, पखवाज आणि झांजा. संवाद बहुधा लिहिलेले नसतात, कलाकार कथानक ठरवून उभ्या उभ्या बोलतात. याच मातीतून मच्छिंद्र कांबळी यांच्यासारखा नट आला. त्यांनी गाजवलेलं गंगाराम गवाणकर यांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आलं आणि मालवणी बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत मानाने उभी राहिली. मराठवाडी बोलीला लक्ष्मणराव देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने जे दिलं, तेच मालवणीला या नाटकाने दिलं.

समुद्राच्या आतही एक मालवण आहे. १९८७ मध्ये किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पद्मगड आणि त्याच्या आसपासचे पाण्याखालचे खडक त्याच्या गाभ्यात येतात. तिथे प्रवाळ आहेत, समुद्री शैवालं आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत. ज्या खडकांनी शत्रूची जहाजं अडवली, त्यांच्याच कपारींत हे जीव वाढतात. पाण्यात उतरून ते पाहण्यासाठी स्कूबा आणि स्नॉर्केलिंगची सोय आहे. जवळच्या तारकर्लीला पर्यटन महामंडळाने स्कूबाचं प्रशिक्षण देणारी संस्थाही उभारली आहे. या नव्या धंद्यात मच्छीमारांची बरीच मुलं आली, कारण समुद्र त्यांच्याइतका कुणाला कळतो?

इथे एक इशारा मनापासून द्यायला हवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून जीव गेले. नदीत पोहणाऱ्यालाही समुद्राची ओढ ठाऊक नसते. लाइफ जॅकेट नसलेल्या किंवा गच्च भरलेल्या होडीत बसू नये, तांडेल नको म्हणाला तर हट्ट करू नये आणि प्रवाळावर पाय ठेवू नये. पायाखाली मोडलेला प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं जातात.

भरती-ओहोटीचं गणित जमलं तर मालवणचा मुक्काम दुपटीने फळतो. कोकणात एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. पद्मगडाकडे जायचं तर ओहोटी हवी. त्या वेळी दांडीच्या बाजूने वाळूचा पट्टा उघडा पडतो. वेळेचा अंदाज स्थानिकांकडून घेतल्याशिवाय मात्र निघू नये, पाणी चढायला लागलं की परतीची वाट बुडते.

जेवणाबद्दल विदर्भातल्या पाहुण्याला थोडी तयारी लागते. तिखट त्याला नवं नाही. नवं असतं ते खोबरं, तिरफळ आणि आमसूल. बांगड्याच्या कालवणात ठेचलेलं तिरफळ पडतं आणि जिभेवर हलकी झिणझिणी येते. ते चावून खायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. कोंबडी-वडे, तिसऱ्यांचं सुकं, घावणे, उकड्या तांदळाचा भात आणि शेवटी सोलकढी. मासे न खाणाऱ्यांचीही उपासमार होत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी हा इथला पोटभरीचा शाकाहारी बेत आहे. बाजारपेठेतून घरी न्यायला खाजं घ्यावं. बेसनाच्या तळलेल्या काड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात, वरून कडक आणि आतून खुसखुशीत. सोबत कोकम आणि मालवणी मसाला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

एक दिवस हाताशी असेल तर धामापूरला जावं. मालवण तालुक्यातला हा तलाव १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधला. जवळपास पाचशे वर्षं तो शेतीला पाणी देतो आहे आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान दिला. ज्यांच्या जिल्ह्यात सिंचनाचा अनुशेष हा कायमचा विषय आहे, त्यांनी हा तलाव आवर्जून पाहावा. काठावर भगवतीचं मंदिर आहे आणि भोवती गर्द झाडी.

राळेगावहून जायचं कसं? वर्ध्याहून दोन वाटा आहेत. अलीकडच्या वर्षांत नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा वर्ध्यावरून धावते आणि ती कणकवली, कुडाळला थांबते. विशेष गाडी असल्याने तारखा आधी तपासाव्यात. दुसरी वाट महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठायची आणि तिथून एसटीने घाट उतरून मालवणला जायची. ही वाट लांब वाटली तरी अंबाबाईचं दर्शन होतं आणि सह्याद्रीही पाहून होतो. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाची आखणी सरकारने केली आहे. तो झाला तर यवतमाळ आणि सिंधुदुर्ग एकाच रस्त्यावर येतील. पण सुपीक जमीन जाणार म्हणून कोल्हापूर, सांगलीसह अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो रस्ता होऊ नये.

विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाला सोयीचा काळ म्हणजे कापसाची वेचणी आटोपल्यावरचा, फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. दिवाळी आणि नाताळातली गर्दी तेव्हा नसते, समुद्र शांत असतो आणि जत्रांचा हंगामही सुरू असतो. मुक्काम निदान दोन रात्रींचा ठेवावा आणि तो शक्यतो गावातल्याच एखाद्या घरी, न्याहारी-निवास योजनेत. खोलीचे पैसे त्या घरात जातात, मासे शेजारच्या होडीतून येतात आणि उद्या पहाटे रापण कुठे लागणार आहे, हे घरातल्या माणसाकडूनच कळतं.

पहिल्या दिवशी सकाळी मोरयाचा धोंडा, मग पहिल्या होडीने सिंधुदुर्ग, आणि तिथे घाई न करता तटावरून पूर्ण फेरी. होडीवाल्याला परतीची वेळ चढतानाच विचारून घ्यावी, म्हणजे तास-दीड तासात परत येण्याची धांदल टळते. दुपारी बाजारपेठ, संध्याकाळी राजकोट. दुसऱ्या दिवशी पहाटे दांडी, ओहोटी असेल तर पद्मगड, नंतर सर्जेकोट आणि कोळंबची खाडी. तिसऱ्या दिवशी धामापूर पाहून परतीच्या गाडीसाठी कुडाळ. मुलं सोबत असतील तर त्यांना समुद्रात उतरवण्याआधी लिलावाच्या वेळी मासळी बाजारात न्यावं. कोणता मासा कुठल्या खोलीवर सापडतो, हे मासे विकणाऱ्या बाया त्यांना आनंदाने सांगतात.